बोटभर मुद्देमाल

मागच्या बुधवारी अंदमानच्या विमानतळावर मी चोर ठरलो. ज्या बाईंनी माझी सॅक उघडली त्या नम्र होत्या आणि नियमानं बरोबरही होत्या, त्यामुळे त्यांच्यावर चिडायची सोय नाही. चिडायला रांगेत माझ्या मागे उभे असलेले एक मराठी काकाच तेवढे उरतात.

सॅकच्या आतल्या चोरकप्प्यातून (नाव तरी काय ठेवलंय!) तापाच्या गोळ्यांची मुदत संपलेली पट्टी, कापराची अर्धी वडी, एसटीचं तिकीट आणि बोटाएवढा पांढरा कोरलचा तुकडा निघाला. तुकडा 2012 सालचा. पहिल्यांदा अंदमानला आलो तेव्हा उचललेला आणि नंतर साफ विसरलेला. म्हणजे मी तो बेटावरून नेत नव्हतोच. पुण्याहून बेटावर आणला होता! हे मी माझ्या कोथरुडी हिंदीत सांगितलं. "मॅडम, ये हम लेके नहीं जा रहा, ये हम लेके आया है."

"तो फिर यहीं रहने दीजिए," बाई म्हणाल्या.

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

इथे काकांचा प्रवेश. डोक्यावर टूरवाल्यांची टोपी, गळ्यात बिल्ला. पट्टा काढून ट्रेमध्ये टाकलेला, त्यामुळे डाव्या हाताने पँट घट्ट धरलेली. उजवा हात मोकळा राहिला होता, तिथेच घोळ झाला.

"काय सापडलं?"

"कोरल."

"केवढं?"

"एवढंसं."

"एवढंसं म्हणजे किती ग्रॅम? विचारतील ना." आणि बाईंकडे वळून, "मॅडम, इसका वजन करो पहले."

हे माझे वकील की सरकारी, तेच कळेना. मग माझ्या कानाशी येऊन, पण तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "शाळिग्राम आहे म्हणा."

"पांढरा?"

"त्यांना काय कळतंय! देवघरातला आहे म्हणा. माझ्या साडूनं द्वारकेहून असाच..." साडूनं द्वारकेहून काय आणलं ते कळलं नाही, कारण तेवढ्यात पँट घसरली.

बाईंनी रजिस्टर उघडलं. "कहाँ से उठाया?"

मी म्हणालो, नील बेट. बायको त्याच क्षणी म्हणाली, हॅवलॉक बेटावरचा एलिफंट बीच. रांगेत वीस माणसं खोळंबलेली आणि आम्ही दोघं तेरा वर्षांपूर्वीची सहल उसवत बसलो. "अहो, ती उन्मळून पडलेली झाडं नव्हती का? त्सुनामीतली? त्यातल्या एका ओंडक्यावर बसून तुम्ही बुटातली वाळू काढत होतात." वाळू काढत होतो हे खरं. पण तुकडा नीलचाच. भाड्याच्या सायकलवरून लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर गेलो होतो, ओहोटी लागलेली, पाणी मागे हटून कोरलचे खडक उघडे पडलेले. चपलेखाली करकर वाजायचं, घरात कुणी पापड सांडल्यासारखं. सूर्य सव्वापाचलाच बुडाला. तिकडे घड्याळ आपलं असतं पण सूर्य त्यांचा, त्यामुळे चहाच्या वेळेला रात्र होते. अंधारात सायकली ढकलत परतलो, खानावळीतल्या बंगाली मावशींनी माशाचं कालवण वाढलं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलेलं हे बेट. गावांची नावं रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. एका दुपारी सायकलवर अर्धं रामायण होतं.

यंदा भरतपूरला गेलो तर पाण्यात जेट स्कीचा असा आवाज की बायकोशी खुणांनी बोलावं लागलं. सायकल मागितली तर पोऱ्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, स्कूटर लो अंकल. जाऊ दे.

"नील लिखिए," मी बाईंना म्हणालो.

"नील नाही!" काका गरजले. "शहीद द्वीप! 2018 मध्ये नाव बदललं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप. आणि पोर्ट ब्लेअर म्हणू नका, श्री विजयपुरम."

"पण 2012 मध्ये नीलच होतं ना?"

काका क्षणभर गडबडले. हा माझा त्या दिवसातला एकमेव विजय. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "अहो, जिथे सावरकरांनी कोलू ओढला, त्या भूमीवर येऊन तुम्ही दगड चोरता?"

आदल्याच दिवशी सेल्युलर जेलमध्ये त्या कोठडीच्या दारात माझ्या घशात आवंढा आला होता. कोठडीत जागा मिळाली नाही, कारण आत याच टोपीवाल्यांचा ग्रुप फोटो चालू होता. पण हे तेव्हा बोलायला सुचलं नाही. सुचलं विमानात, अर्ध्या बंगालच्या उपसागरावर.

"अगं ए, यांना धरलं बघ!" काकांनी पलीकडे बायकोला हाक मारली. आख्खा ग्रुप वळला. एकीनं मोबाइल काढला.

मग काकांची पिशवी मशिनमधून आली आणि त्यातून निघाला नारळाएवढा शंख. माझा आनंद चेहऱ्यावर दिसला असणार. काकांनी पँट न सोडता, दातात पाकीट धरून, त्यातून घडी केलेला कागद काढला. "बिल आहे. परवान्याच्या दुकानातलं." शंख सुटला.

कायदा मला मान्य आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कोरलला वाघाच्या पंगतीला बसवलंय, मेलेलं असलं तरी हात लावायचा नाही, आणि प्रत्येकानं बोट-बोट नेलं तर बेट उरायचं नाही. पण वाळूत पडलेलं उचललं की चोर आणि बिल फाडलं की पर्यटक, हे मला पटत नाही. त्या विमानतळाची नवी इमारतसुद्धा शिंपल्याच्या आकाराची बांधली आहे. तिचंही बिल असणार.

माझा तुकडा एका टोपलीत गेला. तिथे त्याच्यासारखे पंधरा-वीस होते, एक तर चक्क जानव्यात ओवलेला. शाळिग्रामाची युक्ती कुणीतरी आधीच करून पाहिली होती तर.

विमान वर चढलं तशी बायको खिडकीतून खाली बघत म्हणाली, "एलिफंट बीचचाच होता तो. सरकारी रजिस्टरात खोटं लिहून आलात. आता त्यांनी तो समुद्रात परत टाकलाच, तर चुकीच्या बेटावर टाकतील."