जमैका 'केलं' म्हणणाऱ्यांनो

सकाळी आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकीने विचारलं, मुलांच्या सुट्टीत जमैकातल्या माँटेगो बेला चाललोय, रिसॉर्टच्या बाहेर काय बघण्यासारखं आहे? झालं, धडाधड उत्तरं. "बाहेर पडूच नका." "ऑल इन्क्लुझिव्ह आहे ना, मग कशाला तडफडायचं?" "आम्ही जमैका केलं, काही नाहीये तिथे." आणि एका महाशयांचं, "लोकल लोक मागे लागतात, इग्नोर मारा", त्यावर ढीगभर अंगठे. डोकंच फिरलं माझं. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

आम्हीही तसेच गेलो होतो, मनगटाला रिसॉर्टचा पट्टा बांधून घेऊन, खाणं-पिणं सगळं त्यावरच. आई मालवणहून आलेली, ती बुफेला दुसऱ्याच दिवशी कंटाळली, म्हणाली गाव दाखवा मला. मग लाल नंबरप्लेटची टॅक्सी केली, ड्रायव्हर आईच्याच वयाचे काका. दिवसभर फिरवलं त्यांनी. परत आल्यावर आई म्हणाली, इतका वेळ उन्हात गाडी चालवलीत, आत या, जरा वाऱ्यावर बसा समुद्राकडे. गेटवरच्या गार्डने अडवलं. पट्टा नाही. काका हसले, म्हणाले राहू दे, मी पोहायला इथेच शिकलो, तेव्हा ही भिंत नव्हती.

भिंत नव्हती!!

आणि यात बेकायदा काहीच नाही बरं का. इंग्रजांच्या काळातला, १९५६चा बीच कंट्रोल अ‍ॅक्ट आहे तिथे, किनारा सरकारचा, लोकांना तिथे उतरायचा, पोहायचा सरसकट हक्क नाही. १९६२ला देश स्वतंत्र झाला तरी तो कायदा चालूच राहिला. मॅमी बे, ब्लू लगून या किनाऱ्यांकडची माणसं यासाठी कोर्टात गेलीयत. स्वतःच्या समुद्रासाठी कोर्टात! आणि आपण लिहिणार, मागे लागतात. अरे, तो लाकडी कासवं विकणारा मुलगा रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीपलीकडे गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडतो कारण दोरीच्या अलीकडे पाय टाकला तर त्याला हाकलतात, त्याने काय करावं, मेल पाठवावा का तुम्हाला?

हो, गुन्हेगारी आहे, नाही कोण म्हणतंय. रिसॉर्टमुळे नोकऱ्याही मिळतात, मान्य. तो गार्डसुद्धा तिथलाच, त्याच्यावर मी नाही चिडले. आई चिडली. तिने त्याला सरळ मालवणीत विचारलं, "समुद्र काय तुझ्या बापाशीचो?" त्याला कळलं काहीच नाही पण मान खाली घातली त्याने.

"काही नाहीये तिथे" म्हणे. गावाच्या मधोमध सॅम शार्प स्क्वेअर आहे. सॅम शार्प म्हणजे गुलामीत जन्मलेला माणूस, १८३१च्या नाताळात त्याने उसाच्या मळ्यांवर संप पुकारला, मजुरी द्या नाहीतर काम नाही, त्याचा उठाव झाला आणि १८३२ला त्याला तिथे माँटेगो बेमध्येच फाशी दिली. दोन वर्षांत गुलामी रद्द करणारा कायदा अमलात आला. तिथल्या जुन्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, पण रिसॉर्टमध्ये नोटच हातात येत नाही ना, पट्ट्यावर सगळं! आणि मग मळ्यांवर राबायला १८४५पासून कोणाला नेलं? आपल्याच देशातल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावर बांधून नेलेल्या मजुरांना. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर करी गोट मिळतं ते काय आकाशातून पडलं?

बरं, जरा शांत होते.

काकांनी वाटेत एका टपरीवर गाडी थांबवली होती. बाई निखाऱ्यावर काहीतरी गोल भाजत होती, साल काळीकुट्ट झालेली, सुरीने सोलली तर आतून पिवळसर पांढरा वाफाळता गर. आई दोन पावलं पुढे गेली आणि ओरडलीच, "अगो, हो नीरफणस!" नीरफणस म्हणजे ब्रेडफ्रूट, आमच्या परसात झाड आहे, आम्ही कापा करतो तांदळाचं पीठ लावून. तिथे तो १७९३ला इंग्रजांनी जहाजातून आणला, गुलामांना स्वस्तात पोसायला. आईने त्या बाईला हातवारे करून कापा कशा करायच्या ते दाखवलं, बाईने आम्हाला एक फोड जास्त दिली, काका बॉनेटला टेकून हसत होते. त्या माणसाला तासाभराने गेटवरून परत पाठवलं. मला अजून राग येतो हे आठवलं की, आणि आपल्याकडे तारकर्ली-देवबागला किनाऱ्यालगत कुंपणं दिसली की जास्तच येतो.

तर ज्या मैत्रिणीने विचारलं तिच्यासाठी: रिसॉर्ट बुक केलंयस तर जा, पैसे वाया घालवू नकोस. पण एक दिवस तरी दिवसाउजेडी बाहेर पड, चांगला ड्रायव्हर विचारून घे, चौकात जा, भाजलेला नीरफणस खा. संध्याकाळी मुलांना हार्मनी बीच पार्कला ने, तिकीट नाही, तिथलीच पोरं खेळत असतात. ड्रायव्हरलाही बोलाव, तिथे पट्टा विचारत नाहीत. आणि त्या इग्नोर मारा वाल्यांना कोणीतरी ही पोस्ट फॉरवर्ड करा, माझं नाव घालून केलीत तरी चालेल.