फर्लिंगेटीचा ‘विरंगुळा’

सांगलीतल्या आमच्या कवितावाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी फिरतो. २२ फेब्रुवारीला स्मृतिदिन म्हणून आणि महिन्याभराने, २४ मार्चला, तोच जयंती म्हणून. मजकूर असा: ‘अमेरिकन बीट कवी लॉरेन्स फर्लिंगेटी. ‘हाउल’ ही अश्लील ठरलेली कविता लिहिल्याबद्दल अटक झाली, त्या बदनामीवर पुस्तकांचं दुकान चालवलं आणि म्हातारपणी विरंगुळा म्हणून चित्रं काढली.’ खाली जोडलेले दोन हात. (बीट म्हणजे १९५० च्या दशकातले अमेरिकेतले बंडखोर कवी-लेखक.)

‘हाउल’चं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. ती कविता अॅलन गिन्सबर्गची. फर्लिंगेटीने ती १९५६ साली आपल्या ‘पॉकेट पोएट्स’ मालिकेत चौथं पुस्तक म्हणून छापली. पुढच्या वर्षी पोलिसांनी पकडलं ते प्रकाशकाला आणि दुकान सांभाळणाऱ्या शिग मुराओला. कवी आरोपी नव्हताच. आणि ‘अश्लील ठरलेली’ म्हणाल, तर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यायमूर्ती क्लेटन हॉर्न यांनी ती अश्लील नाही असा निकाल दिला. म्हणजे मजकुरात कवी चुकला, आणि निकाल तर थेट उलटा.

आता विरंगुळा. हा शब्द मला जरा जास्तच लागला, ते कबूल करतो. मी शाळेत चित्रकला शिकवली आहे. परीक्षा जवळ आली की आमचा तास गणिताला उसना जायचा आणि तो कधी परत मिळाला नाही.

फर्लिंगेटी १९१९ चा. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता, नॉर्मंडीच्या चढाईत पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या बोटीचा कप्तान. बॉम्ब पडल्यावर काही आठवड्यांनी त्याने नागासाकी पाहिलं आणि युद्धाला कायमचा विरोधक झाला. युद्धातून परतल्यावर कोलंबिया विद्यापीठात त्याने एम.ए.चा प्रबंध लिहिला, १९४७ साली. विषय कवितेचा नव्हता. इंग्रज चित्रकार टर्नरची चित्रं आणि त्यांच्यावर कलासमीक्षक रस्किनने केलेली समीक्षा, हा होता. तिथून पॅरिस. डॉक्टरेट तिथल्या सोरबोन विद्यापीठाची, पण रंग हाती आले तेही तिथेच, १९४८ च्या सुमारास. वय तिशीच्या आत. तेव्हा ना दुकान होतं, ना प्रकाशन, ना एकही कवितासंग्रह. सॅन फ्रान्सिस्कोला आल्यावर त्याने चित्रप्रदर्शनांवर परीक्षणं लिहिली आणि बंदराजवळ एक स्टुडिओ घेतला. तिथे अमूर्त चित्रकलेचं वारं होतं, ते त्यालाही लागलं. पुढे मात्र तो माणसाच्या आकृतीकडे वळला.

मजकूर लिहिणाऱ्याची गफलत कुठे झाली असावी, तेही दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्याच हंटर्स पॉइंटच्या जुन्या गोदीतल्या स्टुडिओत त्याने जोमाने रंगवलं ते साठी ओलांडल्यावर. पण गडी १०१ वर्षं जगला. साठीनंतर त्याच्याकडे आणखी चाळीस वर्षं शिल्लक होती! रोममध्ये २०१० साली त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते साठ वर्षांच्या चित्रकलेचं. वजाबाकी आमच्या गणिताच्या सरांनी करावी.

शिवाय चित्रकार कवितेत लपतच नाही. ‘अ कोनी आयलंड ऑफ द माइंड’ हा १९५८ चा संग्रह उघडा. पहिलीच कविता स्पॅनिश चित्रकार गोयाच्या चित्रांतल्या होरपळलेल्या माणसांपासून निघते आणि अमेरिकेच्या रुंद रस्त्यांवर येऊन पोचते. त्याच्या इतर कवितांत शागाल येतो, सोरोया येतो, क्लिम्ट येतो, सगळे चित्रकारच. पानावर ओळी मागेपुढे सरकवून मांडलेल्या आहेत. मला त्या नेहमी कागदावरच्या रेषांसारख्या वाटतात. मी वर्गात हेच सांगायचो, की कोरी जागाही चित्रातच धरायची.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? नांद्रे इथून हाकेच्या अंतरावर. तिथे जन्मलेले राजा ढाले दलित पँथरचे म्हणून सगळ्यांना ठाऊक, अनियतकालिकांचे संपादक म्हणून थोड्यांना. ते चित्रकारही होते म्हटलं की समोरचा म्हणतो, “हो का?”

‘बीट’ हे लेबल फर्लिंगेटीला स्वतःला मान्य नव्हतं. बीट कवींना त्याने छापलं, इतकंच.

राहिलं दुकान. ‘सिटी लाइट्स’ १९५३ साली उघडलं, म्हणजे खटल्याच्या चार वर्षं आधी. पीटर मार्टिन आणि त्याने पाचपाचशे डॉलर घातले आणि फक्त स्वस्त, कागदी बांधणीची पुस्तकं ठेवली. खटल्याने खप वाढला, हे खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पैशाचं गणित मांडायचंच असेल, तर २०१२ सालचं हंगेरीतलं पारितोषिकही धरा. पन्नास हजार युरोंचं होतं. त्यात तिथल्या सरकारचा पैसा आहे, आणि ते सरकार नागरिकांच्या स्वातंत्र्यावर गदा आणतंय, म्हणून त्र्याण्णव वर्षांच्या फर्लिंगेटीने ते घेतलं नाही.