पॅसेंजर बंद करा आणि सांगली-मिरजेला मेट्रो द्या? त्या फॉरवर्डला मुद्द्यानिशी उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुणे-मिरज डबल लाईन होतेय, विद्युतीकरण झालंय, तर आता ह्या पॅसेंजर गाड्या कशाला, त्या रिकाम्या धावतात, तोट्यात धावतात, एक्स्प्रेसला अडवतात, सातारा-कराडची स्टेशनं तर गावाबाहेरच, म्हणून नांद्रे-भिलवडी-आमणापूर असली बारकी स्टेशनं बंद करा, मग पुणे-कोल्हापूर तीन तासात होईल, आणि सांगली-मिरजेला मेट्रो द्या. शेवटी "सांगलीकरांनी मोठं मागायला शिका". पुढं पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, चांगली शिकली-सवरलेली माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

"पॅसेंजर रिकाम्या धावतात, म्हणजे लोकांना नकोत"

हे वाक्य सगळ्यात घातक आहे कारण ते खरं वाटतं. गाडी रिकामी दिसली असेल, मी नाही म्हणत नाही, पण किती वाजताची गाडी होती ते पण सांगा ना. विलिंग्डन, वालचंद ही कॉलेजं विश्रामबागेत, तिथलं स्टेशन जवळच, भिलवडीच्या किंवा ताकारीच्या पोराला ह्यापेक्षा सोयीचं काय असणार? पण कॉलेजच्या वेळेला पोचवणारी गाडी पाहिजे आणि सुटल्यावर परत नेणारी पण पाहिजे, दोन्हीतली एक जरी नसली तरी तो पोरगा पास काढत नाही, सरळ बाईक घेतो किंवा वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) कोंबून जातो. दुकान दिवसातून दोनदाच उघडायचं, ते पण भलत्या वेळेला, आणि मग गिऱ्हाईकच नाही म्हणायचं, असला हिशोब झाला हा.

आणि एक गोष्ट लोक पटकन विसरले. मार्च २०२० ला गाड्या बंद झाल्या, नंतर ज्या पॅसेंजर परत आल्या त्या देशभर "स्पेशल" म्हणून एक्स्प्रेसच्या भाड्यानं आल्या, कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं. नांद्र्याहून सांगलीला यायला तीस रुपये रेल्वेला द्यायचे आणि वर गाडीची वाट बघायची, कोण देणार? भाडं परत १० वर आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. चार वर्षांत माणसाची सवय बदलते हो. ज्यानं कर्ज काढून बाईक घेतली तो भाडं उतरलं म्हणून दुसऱ्या दिवशी स्टेशनवर येत नाही, त्याला भरवशाची गाडी दोन-तीन वर्षं सलग दिसावी लागते.

गाडीतली डोकी मोजून त्या वेळेच्या त्या गाडीचं कळतं, बास. किती लोकांना कुठून कुठं जायचंय हे कळायला एसटी स्टँडवर, वडापच्या थांब्यावर, कारखान्याच्या आणि कॉलेजच्या गेटवर उभं राहून विचारावं लागतं. प्लॅनिंग तिथनं सुरू होतं.

"तोट्यात धावतात"

हो, धावतात. तुमच्या-माझ्या तिकिटावर रेल्वे स्वतःच छापत आलीय की प्रवासी भाड्यातनं सरासरी ५७ टक्केच खर्च निघतो, ही सगळ्या प्रवासी वाहतुकीची गोष्ट आहे, मुंबई लोकलची सुद्धा, आणि भरपाई मालगाड्यांतून होते. तोटा हेच कारण धरायचं तर मेट्रोचं नाव कशाला घेता, तिथं तर आकडे अजून मोठे आहेत. त्यावर खाली येतोच.

"बारकी स्टेशनं बंद केली की एक्स्प्रेस सुसाट"

इथं मेसेज लिहिणाऱ्याला रेल्वे कशी चालते हेच माहीत नाहीये, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्याच्यावर.

आपल्या मार्गावर बहुतांश ठिकाणी पद्धत अशी आहे की दोन ब्लॉक स्टेशनांमधल्या टप्प्यात एका लाईनवर एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी पुढच्या स्टेशनला पोचल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे नांद्रे, भिलवडी ही स्टेशनं नुसती माणसं चढ-उतार करायला नाहीत, ती लाईनचे तुकडे पाडतात. आता समजा सांगली ते किर्लोस्करवाडी मधली सगळी स्टेशनं काढून टाकली, तर तीसेक किलोमीटरचा एकच टप्पा होईल, साठच्या स्पीडनं चाललेली मालगाडी त्यात शिरली की अर्धा तास मागं वंदे भारत असो नाहीतर महालक्ष्मी, सांगलीत उभी. ज्या स्टेशनांना अडथळा म्हणताय त्यांच्यामुळंच तुमची एक्स्प्रेस पुढं सरकते. बरं, स्टेशन ठेवा फक्त पॅसेंजरचा थांबा काढा असं म्हणणं असेल तर तसं म्हणा, पण मग वाचतं काय? स्टेशनचा माणूस, सिग्नल, लूप लाईन (गाडी बाजूला उभी करायचा जादा रूळ) सगळं तिथंच राहणार, फक्त गावकऱ्याची गाडी गेली.

एक्स्प्रेस अडकायच्या त्या मुख्यतः एकेरी लाईनमुळं, समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला पडून राहावं लागायचं. डबल लाईन झालेल्या भागात ते संपलं. आता उरतो तो फक्त मागून ओलांडण्याचा प्रश्न, म्हणजे हळू गाडीला लूपवर घेऊन जलद गाडी काढणे, आणि त्याला उत्तर आहे मेमू, म्हणजे विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी. इंजिनवाली जुनी पॅसेंजर थांबून परत वेग घ्यायला वेळ खाते, मेमूला मोटरी डब्यांखालीच असतात त्यामुळं ती झटकन उचलते, दर थांब्याला वेळ वाचतो. तारा टाकून झाल्यात, मग वापरा की त्या.

"पुणे-कोल्हापूर तीन तासात"

रेल्वेनं पुणे-कोल्हापूर ३२६ किलोमीटर आहे, रस्त्यानं साधारण २३०-२३५, कारण लाईन जेजुरी, नीरा, लोणंद असा वळसा घेऊन येते. ३२६ किलोमीटर तीन तासात म्हणजे सरासरी १०८. मुंबई-दिल्ली राजधानीची सरासरी सुद्धा ९० च्या आसपास आहे. सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेली आपली वंदे भारत सव्वापाच तासांच्या आसपास घेते, सरासरी ६२. गाडीत दम नाही असं नाही, आदर्की-वाठारचा घाट आणि वळणं गाडी बदलून सरळ होत नाहीत. डबल लाईननं गाड्यांची संख्या आणि वेळेचा भरवसा वाढतो. ह्यात कमीपणा काही नाही, रोजच्या माणसाला भरवसाच पाहिजे असतो. वंदे भारत चालू झाली तेव्हा आठवड्यातनं तीन दिवस होती, तिच्यासाठी रोजच्या गाडीवर पाणी सोडायचं?

"सातारा-कराडची स्टेशनं गावाबाहेर, पॅसेंजरचा उपयोग नाही"

हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सातारा स्टेशन माहुलीला, कराडचं ओगलेवाडीला. मुंबईला रात्रभर जायचं असेल तर माणूस रिक्षाचे पैसे सोसतो, पण तासाभराच्या प्रवासाला दोन्ही टोकांना रिक्षा परवडत नाही. म्हणून साताऱ्यात गाडीच्या वेळेला लागून एसटी पाहिजे, गाडी लेट असेल तर थांबणारी. पण सांगली, विश्रामबाग, मिरज ही तिन्ही स्टेशनं वस्तीत आहेत, त्यामुळं साताऱ्याचं कारण सांगून सांगलीची पॅसेंजर बंद करायची हे काही जुळत नाही.

"सांगली-मिरजेला मेट्रो"

२०१७ चं केंद्राचं मेट्रो धोरण बघा. २० लाख लोकवस्तीच्या पुढच्या शहरांचा विचार त्यात आहे आणि आधी बस वगैरे सगळे स्वस्त पर्याय तपासून दाखवायची अट आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका २०११ च्या जनगणनेला पाच लाखाच्या आसपास.

पैशाचं बघू. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा २०१६ ला मंजूर झाला तो ३१ किलोमीटर, ११,४२० कोटी. किलोमीटरला ३६५ कोटी. त्यात थोडा भाग भुयारी आहे, म्हणून आपण उदार होऊन २०० धरू, तरी सांगली-मिरज दहा किलोमीटरचे २,००० कोटी. त्याच वर्षी पुणे-मिरज-लोंढा ४६७ किलोमीटर डबल लाईन आणि विद्युतीकरण मंजूर झालं, अंदाज सुमारे ३,६०० कोटी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. आणि एवढं करून कुपवाड एमआयडीसीचा कामगार बाहेरच राहतो, कारण सरळ एका रस्त्यावरची लाईन त्याच्या गेटपर्यंत जात नाही, बस जाते.

मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी, कृपामयी ह्या रस्त्यावर दर दोन मिनिटाला साठ माणसांची बस सोडली तर तासाला एका दिशेनं १,८०० माणसं जातात, दर मिनिटाला सोडली तर ३,६००. आधी एवढ्या बस तरी मागा.

"मोठं मागायला शिका"

मागूया. माझी मागणी अशी: कराड ते मिरज दर तासाला मेमू. अंतर साधारण ७५ किलोमीटर, मधे शेणोलीपासून विश्रामबागेपर्यंत दहा थांबे, दीड तास धरा. जायला ९० मिनिटं, मिरजेत ३०, यायला ९०, कराडला ३०, चार तासांची फेरी, म्हणजे तासाला एक गाडी सोडायला चार रेक (डब्यांचे पूर्ण संच) आणि एक राखीव. एवढंच. सगळ्या दिवसाला नको असेल तर आधी सकाळी आणि संध्याकाळी चालवा, दुपारी लाईन देखभालीसाठी बंद ठेवा. वेळा मात्र पाठ होतील अशा ठेवा, प्रत्येक तासाला त्याच मिनिटाला.

ती गाडी पुढं कोल्हापूरपर्यंत लगेच मागू नका, मिरज-कोल्हापूरचे ४७ किलोमीटर अजून एकेरी आहेत, तिथं हातकणंगल्याला, जयसिंगपूरला क्रॉसिंग बसवत बसलं की सगळं टाइमटेबल हलतं. त्या दुहेरीकरणाचा पाठपुरावा वेगळा करूया. रेल्वेच्या विभागीय प्रवासी सल्लागार समितीकडं जाणाऱ्या निवेदनात अजून एक ओळ पाहिजे: मिरजेत पुणे, सोलापूर आणि हुबळी असे रेल्वेचे तीन विभाग एकमेकांना भिडतात, प्रत्येकाचं टाइमटेबल वेगळं बनतं, त्यामुळं कुडची-उगारहून मिरजेच्या दवाखान्यात येणारा पेशंट असो की पंढरपूरकडनं येऊन सांगलीला जाणारा, त्याची पुढची गाडी समोरून निघून जाते. तिघांनी एकत्र बसून मिरजेच्या वेळा दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं जुळवाव्यात, ह्याला नवीन रूळ लागत नाही की नवीन डबा लागत नाही.