ओठांकडे पाहिल्याने कान आळशी होत नाही

कर्णबधिर मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो: ‘श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवणसाधन) बसवल्यावर मुलाला बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहू देऊ नका, त्याने कान आळशी होतो. गोंगाटात समजले नाही, तर यंत्राचा आवाज वाढवा आणि ओरडून बोला.’ या सल्ल्याची झळ मुलांना बसते, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासायला हवे.

ओठ पाहणे ही केवळ अधू कानाची गरज आहे, हे गृहीतकच चुकीचे आहे. संबी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ मध्ये ऐकू येणाऱ्या माणसांवरच प्रयोग केले आणि गोंगाट जसा वाढतो तसा चेहरा दिसण्याचा उपयोगही वाढतो, असे दाखवून दिले.

कान आळशी होण्याचा मुद्दा तर मुळातच टिकत नाही, कारण कान आणि डोळे इथे वेगवेगळे काम करतात. ‘पान’ आणि ‘कान’ यांतील फरक गोंगाटात सहज बुडतो, परंतु ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि ‘क’ म्हणताना मिटत नाहीत, हे डोळ्यांना लगेच दिसते. उलट ‘पान’ आणि ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात, मात्र ‘म’चा अनुनासिक नाद गोंगाटातही बऱ्याच अंशी टिकून राहतो. म्हणूनच नुसत्या ओठवाचनाने सगळे कळते, हा दुसऱ्या टोकाचा समजही खरा नाही. शांत खोलीत वाचातज्ज्ञाने काही वेळ केवळ ऐकण्याचा सराव करून घेणे योग्यच आहे. पण तोच नियम वर्गात किंवा लग्नाच्या पंगतीत लावणे म्हणजे मुलाच्या हातातले अर्धे साधन काढून घेणे होय.

यंत्राचा आवाज वाढवला की बोलण्याबरोबर भांड्यांचा खणखणाट आणि बँडही वाढतो. ओरडल्याने ओठांची ठेवण बिघडते, त्यामुळे जे दिसत होते तेही दिसेनासे होते. पंगतीत वाढणारा पातेल्यात पाहत ‘भात की भाजी?’ असे विचारत पुढे सरकतो, तेव्हा मुलाला ना शब्द मिळतो ना चेहरा. वाढणाऱ्याने क्षणभर थांबून, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहून, नेहमीच्या आवाजात विचारावे आणि पातेल्याकडे बोट दाखवावे.