‘जीपे चालत नाही तो टॅब काय कामाचा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया खरमरीत होती आणि लांबही, म्हणून उत्तर ऐसपैस देते. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: मी गूगलच्या जुन्या नेक्सस 7 टॅबवर (2013 चा) उबंटू टच ही लिनक्सच्या घराण्यातली सिस्टिम अँड्रॉइडच्या जागी टाकून त्याबद्दल चार बरे शब्द लिहिले, तर तुम्हाला तो रिकामटेकडेपणा वाटला. तुमचं म्हणणं: त्यावर जीपे नाही, बँकेचं अॅप नाही, व्हॉट्सअॅप धड नाही. कंपनीनेच ही सिस्टिम वाऱ्यावर सोडली, खाली बघायला गेलं तर अँड्रॉइडच आहे, आणि अँड्रॉइड-अॅपल सोडून तिसरं काही आपल्याकडे चालत नाही. त्यापेक्षा दहा हजारांत नवा टॅब घ्यावा. शेवटी एक टोमणा: ‘माझ्याही कपाटात एक टॅब पडून आहे, त्याचं वाटोळं करू म्हणता का?’

रिकामटेकडेपणा मान्य. पुण्यात तो दुर्गुण धरत नाहीत.

जीपेचं आधी घेते, कारण तिथे तुमचा नेम सगळ्यात जास्त चुकलाय. यूपीआयचं कुठलंही अॅप सुरू करताना ते आपल्या सिममधून एक एसएमएस पाठवतं, आणि बँकेत नोंदलेला नंबर तोच आहे ना याची खात्री झाल्यावरच खातं त्या उपकरणाला जोडलं जातं. म्हणजे बँकेच्या नंबराचं सिम त्याच उपकरणात हवं. माझा टॅब फक्त वायफायचा आहे. त्यावर गूगलची मूळ सिस्टिम असतानाही जीपे चालायचा प्रश्न नव्हता, आणि तुम्ही सुचवलेला दहा हजारांचा वायफाय टॅब आणला तरी चितळ्यांकडे बाकरवडीचे पैसे मी खिशातल्या फोनवरूनच देणार. हे काम मुळात टॅबचं नाहीच. तुम्ही टॅबला फोनचं माप लावताय, आणि तुमच्या यादीतले निम्मे मुद्दे त्यातूनच आलेत.

बँकेच्या अॅपचं म्हणाल, तर ते चालत असतं तरी मी टाकलं नसतं. माझ्याकडची आवृत्ती उबंटू 16.04 च्या पायावर उभी आहे, त्या पायाचा नेहमीचा सपोर्ट एप्रिल 2021 मध्ये संपला. त्याखालचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, 3.4 चं, म्हणजे आणखी जुनं. त्यापुढचा 20.04 चा पाया मार्च 2023 मध्ये आला, पण माझ्या टॅबवर तो नाही. अशा यंत्रावर पासवर्ड आणि पैशाचे व्यवहार करू नयेत, मग त्यावर उबंटू असो की गूगलचं अँड्रॉइड. नेक्सस 7 ची 2013 ची आवृत्ती अधिकृतपणे अँड्रॉइड 6.0.1 वर थांबली, 2016 साली आलेलं अँड्रॉइड 7 तिला मिळालंच नाही. व्हॉट्सअॅपला तिथे स्वतंत्र अॅप नाही, ब्राउझरमधून कसंबसं उघडतं. टेलिग्रामसाठी टेलीपोर्ट्स नावाचं अॅप आहे, ते बरं चालतं. मी यातलं काहीच ठेवलेलं नाही.

मग ठेवलंय काय? वाचन. सात इंची पडदा, 1920 बाय 1200 पिक्सेल, इंचाला 323. स्वस्तातल्या पुष्कळ आठ इंची टॅबचा पडदा 1280 बाय 800 असतो, त्याचे इंचाला 189 होतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यात भागवून घेतं, पण ‘ष्ट्य’ किंवा ‘र्ध्व’ बारीक टंकात वाचून बघा, मग बोलू. वजन 290 ग्रॅम, आडवं पडून वाचलं तरी मनगट तक्रार करत नाही. जोडाक्षरं उबंटू टचवर व्यवस्थित जुळतात. (अँड्रॉइड 2 च्या काळात मराठी पान उघडलं की चौकोनांची रांगोळी दिसायची, ते आठवणाऱ्यांना याचं मोल कळेल.) पुस्तकांसाठी स्टर्म रीडर वापरते, मराठी ईपब (ई-पुस्तकांच्या फाइली) त्यात सरळ उघडतात.

आणि ही सिस्टिम गप्प राहते, हे माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं सुख. उबंटू टचमध्ये अॅप नजरेआड झालं की गोठवलं जातं. गाणी चालू राहतात, पण बाकी बहुतेक अॅपांना मागे बसून उद्योग करता येत नाहीत. मोठी फाइल उतरवताना, गप्पांच्या अॅपचे निरोप वेळेवर यायला हवे असताना हे नडतं, त्याबद्दल लोक करवादतात, ते योग्यच आहे. वाचणाऱ्या माणसाला मात्र हे वरदान आहे. होम-बॅकची बटणं नाहीत. डाव्या कडेवरून बोट ओढलं की अॅपांची पट्टी, उजवीकडून ओढलं की उघडी अॅपं पत्त्यांसारखी पसरतात, वरून सेटिंग, आणि खालची कड ज्या त्या अॅपच्या मर्जीवर. सुरुवातीला बोटं सारखी खाली जाऊन नसलेलं बटण शोधायची. आता फोन हातात घेतला की तो अडाणी वाटतो.

खोटं कौतुक करायचं नाही म्हणून हेही सांगते: जाहिरातींनी खचाखच भरलेली मराठी बातम्यांची संकेतस्थळं यातल्या मॉर्फ ब्राउझरला झेपत नाहीत, तो धापा टाकतो. ब्लूटूथ माउस जोडला की डेस्कटॉपसारख्या खिडक्या उघडतात, त्याचा मोठा गवगवा होता. सात इंचांत खिडक्या! हौस म्हणून एकदा बघावं, सोडून द्यावं.

‘खाली अँड्रॉइडच आहे’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो खरा आहे आणि त्यातच सगळी गोम आहे. या टॅबमध्ये क्वालकॉमची चिप आहे. तिचे ग्राफिक्सचे, कॅमेऱ्याचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारे प्रोग्राम) बंद पेटीत येतात, त्यांचा सोर्स कोणाला मिळत नाही. शिवाय ते अँड्रॉइडच्या बायोनिक नावाच्या सी लायब्ररीला (सगळे प्रोग्राम ज्यावर टेकतात तो पायाभूत कोड) धरून बनवलेले असतात, तर नेहमीचं लिनक्स ग्लिबसी नावाची दुसरी लायब्ररी वापरतं. दोघांची भाषा जुळत नाही. कार्स्टन मंक यांनी लिहिलेलं लिबहायब्रिस मध्ये दुभाष्याचं काम करतं, म्हणून अँड्रॉइडसाठीचा ड्रायव्हर उबंटूच्या हाताखाली राबतो. जोला कंपनीची सेलफिश ही फोनची सिस्टिमसुद्धा याच युक्तीवर उभी आहे. तेव्हा खालचा थर अँड्रॉइडचा, कर्नलही गूगलने या टॅबसाठी ठेवलेलं. आपल्या हातात आलेला फोन किंवा टॅब किती वर्षं ताजा ठेवता येईल हे वरची सिस्टिम ठरवत नाही, त्या बंद पेटीचा मालक ठरवतो. माझ्या टॅबचं कर्नल 3.4 वर अडकलंय ते यामुळेच. तुम्ही हे टोमणा म्हणून लिहिलंत, माझ्या लेखात ती तक्रार होती.

कंपनीने सोडून दिली, हेही बरोबर. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने 2013 च्या जानेवारीत ही सिस्टिम जाहीर केली आणि 5 एप्रिल 2017 रोजी तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी गाशा गुंडाळल्याचं सांगितलं. त्यानंतर यूबीपोर्ट्स या हौशी गटाच्या मंडळींनी ती उचलली, युनिटी 8 या तिच्या पडद्यावरच्या मांडणीचं नाव बदलून लोमिरी केलं आणि आजवर चालवली. कंपनीने जेवढी वर्षं सांभाळली त्याहून जास्त वर्षं ती या लोकांकडे आहे.

आणि तिसरं काही आपल्याकडे चालत नाही? 2014 मध्ये इंटेक्सने 1,999 रुपयांत फायरफॉक्स ओएसचा फोन आणला, तो फार काही चालला नाही. पण त्याच फायरफॉक्स ओएसमधून कायओएस निघाली, आणि 2017 मध्ये जाहीर झालेला जिओफोन तिच्यावर चालतो. मंडईत भाजी घेताना पलीकडच्या हातात तुम्हीही तो पाहिला असेल. ना अँड्रॉइड, ना अॅपल. वापरणाऱ्याला सिस्टिमचं नाव माहीत असायची गरजच पडली नाही.

राहता राहिला तुमच्या कपाटातला टॅब. मागचा मॉडेल नंबर बघा आणि उबंटू टचच्या संकेतस्थळावरच्या उपकरणांच्या यादीत तोच नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का ते तपासा. एकाच नावाने विकलेल्या दोन टॅबांत वेगळ्या चिप असू शकतात. नंबर यादीत नसेल तर नाद सोडा, यूट्यूबवर कोणी काहीही सांगो. यादीत असेल तर बूटलोडर (टॅब सुरू होताना सिस्टिम उघडणारा प्रोग्राम) अनलॉक होतो का ते पाहा. त्यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधी काढून घ्या. नेक्ससला हे एका आज्ञेत जमतं, शिवाय गूगलच्या मूळ सिस्टिमच्या फाइली (फॅक्टरी इमेज) उपलब्ध असल्याने परतीची वाट मोकळी असते. तुमच्या टॅबला ती वाट नसेल तर तापकीर गल्लीतला दुरुस्तीवालाही ‘डेड आहे’ म्हणून हातात परत देईल. बाकी काम यूबीपोर्ट्स इन्स्टॉलर लॅपटॉपवरून करतो, केबल मात्र चांगली घ्या.

आणि एवढी वर्षं पडून राहिल्यामुळे मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, आधी ती बदलून घ्या.