यंत्र म्हणतं तोडा, दात म्हणतो थांबा

वाइनचा विषय निघाला की लोक लगेच लाकडी पिंपं, तळघर आणि बाटली किती जुनी यावर घसरतात. मला दर वेळी वाटतं, अहो, आधी वेलीजवळ तर चला! वाइनची द्राक्षं पिकवणाऱ्याची खरी परीक्षा तोडणीचा दिवस ठरवताना होते. पुढे तळघरात फार तर जे आलंय ते सांभाळता येतं.

मण्यात पाणी उतरून रंग भरला की रोज साखर वाढते, आंबटपणा उतरतो. साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. रस 24 ब्रिक्सचा असेल तर वाइन साधारण 13-14 टक्के अल्कोहोलची होते. पण आंबटपणा फार उतरला की वाइन सपक लागते. म्हणून शेवटचे पंधरा दिवस मी रोज पहाटे बागेत असतो. साखर मोजायचं छोटं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, खिशात असतंच, तरी मणी तोंडात टाकतो. आधी साल चावायची, मग बी. हिरवट बी जीभ तुरट करून टाकते. पिकलेली तपकिरी बी दाताखाली कुरकुरत फुटते आणि भाजल्यासारखी लागते. एकाच ओळीच्या वरच्या टोकाचा मणी तयार असतो, उताराखालचा नसतो. त्यात आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. थांबलं तर चव भरेल, पण पाऊस झाला तर मणी तडकणार आणि घडात बुरशी शिरणार.

कुंभाराचं मडकं फुटलं तर तो त्याच दिवशी दुसरं घडवतो. आम्हाला वर्षभर थांबावं लागतं. आयुष्यात चाळीस हंगाम मिळाले तरी खूप झाले. पहिल्या वर्षी हिरवे घड विरळायला माझा हात धजला नव्हता. माल भरपूर आला, वाइन पाण्यासारखी झाली.

आणि आता जुने आडाखेही चालेनासे झालेत. फ्रान्समधल्या बोन गावाच्या तोडणीच्या तारखा 1354 पासून उपलब्ध आहेत. 1988 नंतर तिथली तोडणी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस अलीकडे आली आहे. उष्णतेनं साखर भराभर चढते, बी मात्र मागे राहते. वेलीचे डोळेही, म्हणजे कोंब, लवकर फुटतात, मग उशिराचं दहिवर, गोठलेलं दव, त्यांना गाठतं. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सच्या बागांत कोवळे फुटवे वाचवायला लोक रात्र रात्र ओळींमध्ये मेणाच्या मशाली पेटवून उभे होते. ते फोटो मला बघवले नाहीत.

म्हणूनच नुसत्या ब्रिक्सच्या आकड्यावर तोडणी ठरवणं मला पटत नाही. आकडा हवाच, पण तो एकाच गोष्टीचा असतो. सालीचं, बीचं, आंबटपणाचं काय चाललंय ते त्यात येत नाही. बागेत नवीन येणाऱ्या मुलांना मी आधी मणी चावायला लावतो, यंत्र नंतर हातात देतो.

यंदा आकडा तोडा म्हणत होता, बी हिरवी होती. तीन दिवस थांबलो. दुसऱ्या रात्री पाऊस झाला आणि उताराखालच्या चार ओळी गेल्या. बाकीचा माल पहाटेच्या गारव्यात तोडून टाकीत घातला. आज सकाळी तो चाखला. तुरटपणा आहे, पण मऊ आहे, जिभेला ओरबाडत नाही. चार ओळींचं वाईट वाटतंच, पण थांबलो ते बरोबर केलं.