‘सोलापुरात बसून रोज १ टक्का’: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, टॉवेल कारखानदारांचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘पुण्याला जाऊन बारा तास राबायची गरज नाही. सोलापुरात बसून रोज १ टक्का कमवा. आमचं अल्गो सॉफ्टवेअर आपोआप ट्रेड घेतं. हातमाग गेले, पॉवरलूम आले, तसंच हाताने ट्रेडिंग करायचे दिवस गेले. मशीनला भावना नसतात. ५ वर्षांचा बॅकटेस्ट, ९२ टक्के अचूकता. सेबी मान्यताप्राप्त. पैसे तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात. मोठ्या कंपन्या अल्गोवरच कमावतात. लायसन्स ३५,००० रुपये. नफ्यात ३० टक्के, तेही नफा झाला तरच.’ खाली रविवारच्या मोफत डेमोचा पत्ता, सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलचा हॉल.

मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरतो. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे, करणाऱ्यांची स्टेटमेंटं दरवर्षी हाताखालून जातात, म्हणून हे लिहितोय. अल्गोला माझा विरोध नाही. स्वतःचे नियम स्वतः लिहून, ब्रोकरची एपीआय (सॉफ्टवेअरला थेट ऑर्डर टाकू देणारी जोडणी) घेऊन शिस्तीत काम करणारी पोरं सोलापुरातही आहेत. भांडण आहे ते या मेसेजशी.

‘रोज १ टक्का.’ वर्षात ट्रेडिंगचे साधारण २५० दिवस. रोज १ टक्का चक्रवाढीने धरला तर १ लाखाचे वर्षाअखेर १२ लाख होतात आणि चौथ्या वर्षाअखेर २०० कोटींच्या वर जातात. असं यंत्र ज्याच्याकडे आहे, तो तुमच्या ३५,००० साठी रविवारी हॉल बुक करत बसेल का? यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

‘५ वर्षांचा बॅकटेस्ट, ९२ टक्के अचूकता.’ बॅकटेस्ट म्हणजे स्ट्रॅटेजी जुन्या भावांवर चालवून पाहणं. खरा गुंता इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

आधी अचूकता. २५ ट्रेडपैकी २३ नफ्यात गेले की ९२ टक्के झाले. आता त्या २३ मध्ये प्रत्येकी ८०० रुपये मिळाले, म्हणजे १८,४००. उरलेल्या दोनमध्ये प्रत्येकी ११,००० गेले, म्हणजे २२,०००. अचूकता ९२ टक्के आणि खिशातून ३,६०० रुपये वजा. ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क) विकणाऱ्या बहुतेक स्ट्रॅटेजींचा स्वभावच असा असतो: रोज थोडं थोडं मिळतं आणि एका दिवशी महिन्याभराचं धुऊन निघतं. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. आदल्या दिवशी निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढला होता, निकालाच्या दिवशी जवळपास ६ टक्के आपटला. विक्रेत्याकडून अचूकतेचा आकडा घेऊच नका. सगळ्यात मोठी घसरण किती रुपयांची होती, ती भरून यायला किती महिने लागले आणि त्या दोन दिवसांत सॉफ्टवेअरने काय केलं, एवढं विचारा.

‘स्टॉपलॉस आहे की,’ म्हणजे ठरावीक भावाला तोटा कापणारी ऑर्डर आहे, असं उत्तर येईल. एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर) ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट, म्हणजे मिळेल त्या भावाला कापणारी, ऑर्डर २०२१ पासून बंद आहे. ट्रिगर आणि लिमिट अशा दोन किमती द्याव्या लागतात. भाव उडी मारून लिमिटच्या पलीकडे गेला तर ऑर्डर तशीच लटकून राहते आणि पोझिशन उघडी. बॅकटेस्टमध्ये मात्र ती नेमक्या स्टॉपलॉसच्या भावालाच कापलेली दिसते.

आता ती ५ वर्षं. मी पाहिलेल्या एका माहितीपत्रकात बँक निफ्टीच्या वीकली एक्स्पायरीवरचा, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या ऑप्शनवरचा, झकास चढता आलेख होता. पण बँक निफ्टीची वीकली एक्स्पायरी नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झाली. प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची वीकली ठेवता येईल, असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम आला. म्हणजे जो माल आता बाजारात मिळतच नाही, त्याच्या जुन्या कमाईवर ३५,००० मागितले जात होते. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियमच्या, म्हणजे ऑप्शनच्या किमतीच्या, ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर गेला, तोही जुन्या आलेखात कुठून येणार?

खर्चाचा विषय निघालाच आहे तर एक साधा हिशेब. सॉफ्टवेअर दिवसाला १० ट्रेड घेतं म्हणू. घेणं आणि विकणं मिळून २० ऑर्डर. ऑर्डरमागे २० रुपये ब्रोकरेज म्हणजे ४००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४७२. महिन्याचे २२ दिवस धरले तर १०,३८४ रुपये. १ लाखाच्या भांडवलावर महिन्याला १० टक्क्यांहून जास्त नुसत्या ब्रोकरेजमध्ये गेले. एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी अजून बाकीच आहे. काँट्रॅक्ट नोटवर शेवटच्या ओळीला हे सगळं छापलेलं असतं, पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण ॲपमधला हिरवा आकडा पाहून खूश असतात आणि रिटर्नच्या वेळी चेहरा पडतो.

‘मशीनला भावना नसतात.’ मशीनला नसतात, पण चालू-बंदचं बटण तुमच्या हातात असतं. तीन दिवस तोटा झाला की माणूस अल्गो बंद करतो, चौथ्या दिवशी तो चालला असता हे पाहून चरफडतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट लॉट लावून चालू करतो. शिवाय मशीन चुकतं तेव्हा तेवढ्याच वेगाने चुकतं. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने १ ऑगस्ट २०१२ ला नवं सॉफ्टवेअर चढवलं. आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले. तिथे पगारी इंजिनियरांची फौज होती. इथे तुमच्याकडे टेलिग्रामवरचा ‘सपोर्ट’ आहे, जो सव्वानऊला मेसेज पाहतो आणि अकराला उत्तर देतो.

पॉवरलूमची उपमा द्यायचीच तर पुरती द्या. कांडीवरचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबतो, तशी सोयच केलेली असते. नाहीतर पुढचं सगळं कापड वाया. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोणत्याही कामगाराला विचारा. मग डेमोत हेच विचारा: इंटरनेट गेलं, ब्रोकरचा सर्व्हर लटकला, जोडीतल्या सौद्यांपैकी एक लेग विकला गेला आणि दुसरा लागलाच नाही, तर तुमचं सॉफ्टवेअर थांबतं का? दिवसाच्या तोट्याची मर्यादा आली की सगळ्या पोझिशन बंद करतं का? तसं झाल्याचा एखादा ऑर्डर लॉग, वेळेसकट, दाखवता का? स्क्रीनशॉट नको. तो दोन मिनिटांत बनवता येतो. ‘व्हेरिफाइड’ लिंकवरही फार विसंबू नका: दोन खात्यांत उलटसुलट पोझिशन घेतल्या की रोज एक खातं नफ्यात असतंच, आणि दाखवायला तेवढं पुरतं.

‘सेबी मान्यताप्राप्त.’ ब्रोकर सेबीकडे नोंदलेला असतो, त्याचा क्रमांक आयएनझेडने सुरू होतो. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला सेबीचा आशीर्वाद असतो असा त्याचा अर्थ नाही. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने चौकट घालून दिली आहे: अल्गो पुरवणाऱ्याला एक्स्चेंजकडे नाव नोंदवून घ्यावं लागतं, अल्गोच्या प्रत्येक ऑर्डरवर एक्स्चेंजने दिलेली ओळख लागते आणि तक्रारीची जबाबदारी ब्रोकरची. आतलं लॉजिक ग्राहकाला कळत नसेल, ज्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात, तर पुरवणाऱ्याची रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी हवी. तो क्रमांक आयएनएचने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तपासता येतो. ‘आमचं लॉजिक सिक्रेट आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला शांतपणे तो क्रमांक विचारा.

आणि एक गंमत. सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने अल्गो सेवा देणाऱ्या ब्रोकरांना मागचा किंवा पुढचा परतावा सांगून स्ट्रॅटेजीचा प्रचार करायला मनाई केली आहे, आणि असा प्रचार करणाऱ्यांशी संबंध ठेवायलाही. म्हणजे हा मेसेज स्वतःच त्या ‘मान्यताप्राप्त’ ब्रोकरच्या गळ्यातलं लोढणं आहे.

‘पैसे तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात.’ डीमॅटमध्ये शेअर असतात. पैसे असतात ट्रेडिंग खात्यात, आणि तोटा तिथेच होतो. पैसे न हलवताही ते बाहेर काढता येतात: फारशी उलाढाल नसलेला लांबचा ऑप्शन तुमच्या खात्यातून महाग भावाने घ्यायचा, समोर विकणारा आपलाच माणूस. म्हणून पासवर्ड, पिन, ओटीपी कुणालाही नाही, भाच्याच्या मित्रालाही नाही. काही विक्रेत्यांची खरी कमाई लायसन्सची नसतेच. तुम्ही त्यांच्या लिंकवरून खातं उघडलं की ब्रोकरेजमधला वाटा त्यांना मिळतो, मग सॉफ्टवेअर दिवसाला १० ट्रेड का घेतं ते उमगतं.

‘मोठ्या कंपन्या अल्गोवरच कमावतात.’ हे एकच वाक्य खरं आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये एफ अँड ओत प्रोप्रायटरी ट्रेडरांनी (स्वतःच्याच पैशांनी ट्रेड करणाऱ्या कंपन्यांनी) सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी खर्चापूर्वीचा नफा कमावला. त्यातला ९६-९७ टक्के अल्गोतून आला. पण त्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्या कंपन्यांची यंत्रं मुंबईत एक्स्चेंजच्याच आवारात बसवलेली असतात. तुम्ही ३५,००० चं लायसन्स घेऊन त्यांच्या बाजूला बसत नाही, समोर बसता.

‘नफा झाला तरच ३० टक्के.’ पहिल्या महिन्यात २०,००० नफा, दुसऱ्यात २५,००० तोटा, तिसऱ्यात १०,००० नफा. तुमच्या हातात तीन महिन्यांचे ५,००० रुपये, आणि नफ्याच्या दोन महिन्यांवर ३० टक्के म्हणून त्याला द्यायचे ९,०००. आधीचा तोटा भरून निघाल्यावरच वाटा, असं करारात लिहून द्यायला सांगा. करारच नसेल तर चहा पिऊन परत या.

ज्यांनी पैसे आधीच भरलेत, त्यांनी आजच ब्रोकरच्या साइटवर जाऊन त्या सॉफ्टवेअरला दिलेली एपीआय की रद्द करावी, पासवर्ड बदलावा, ऑर्डर बुक डाउनलोड करून ठेवावं. ब्रोकरकडे लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जा. विक्रेत्याने पैसे स्वतःच्या किंवा तिसऱ्याच्याच खात्यावर मागवून घेतले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.